रुजू दिनांक

जुन्या सीबीएसला उतरून चालतच आलो,
रिक्षाचे साठ रुपये वहिनींना फार वाटले.
निंबा सरांचं सेवापुस्तक, दुय्यम प्रत,
लाल फडक्यात बांधलेली,
त्यातच दोन भाकरी आणि ठेचा,
कारण दुसरी पिशवी नव्हती.

जिल्हा परिषदेच्या जिन्यात
पिचकाऱ्यांवर ताजा रंग. मार्च आहे.

टेबलामागचा माणूस वाईट नव्हता.
त्यानं पंखा आमच्याकडे वळवला,
भाकरी हलकेच बाजूला ठेवली
आणि एका ओळीवर बोट टेकलं :
रुजू दिनांक, चौदा नोव्हेंबर दोन हजार पाच.
"एक तारखेच्या आत असते तर, ताई…"
उरलेलं वाक्य पंख्यानं नेलं.

चौदा दिवस.
सरांची ऑर्डर सव्वीस ऑक्टोबरची.
ऑर्डर हातात पडली त्याच रात्री ते सटाण्याहून निघाले,
सकाळी पेठ, तिथून जीपच्या टपावर,
शेवटचे सहा किलोमीटर पायी.
शाळेला कुलूप. दिवाळीची सुट्टी.
हेडमास्तर गावी, चावी हेडमास्तरांच्या खिशात.

हे मला सोमनाथ भोयेनं सांगितलं,
तेव्हा सात वर्षांचा, आता त्याची मनीषा माझ्या दुसरीत.
म्हणतो, एक माणूस आला, पायरीवर बसला,
मग उठून निरगुडीच्या फांदीनं पटांगण झाडलं,
आम्ही चार पोरं बघत होतो तर म्हणाला, या,
आणि सागरगोटे मांडून
आम्हाला वीसपर्यंत मोजायला लावलं.
रात्री ओट्यावरच झोपला.
सकाळी गेला.

सोमनाथची ही साक्ष
कुठल्याच नमुन्यात बसत नाही.
मी रकाने नीट पाहिले.

तीन हजार मानधनावर तीन वर्षं.
मग पगार, कधी दहाला, कधी अठराला,
त्यातून कापलेले पैसे, ज्यांचा हिशेब
मागितला की 'पोर्टल बंद आहे'.
सरांनी मतदार मोजले, शौचालयं मोजली,
एकदा तर गुरंही मोजली,
तांदळाचा प्रत्येक दाणा लिहून ठेवला,
अंडी सोललेल्या पोरांचे फोटो
टेकडीवर चढून, मोबाइल उंच धरून पाठवले,
तिथंच फक्त एक दांडी रेंज येते.
तिथंच मागच्या आषाढात बसले ते उठले नाहीत.
फोटो मात्र पोचला होता.
मी तपासलं. मला तपासावंच लागलं,
त्या दिवसाची माहिती अपूर्ण दाखवत होती.

दवाखान्याचं बिल दोनदा परत आलंय.
पहिल्यांदा मूळ पावती नाही म्हणून,
दुसऱ्यांदा, मूळ पावती जोडली तेव्हा,
अर्जदाराची स्वाक्षरी नाही म्हणून.

मी दोन हजार अकराची.
माझ्या बाबतीत चौदा दिवसांचाही प्रश्न नाही,
माझी तारीख सरळच चुकलेली आहे,
त्यामुळे मला या टेबलाशी
बरोबरीनं भांडताही येत नाही.
मी नुसती म्हटलं, "काही मार्ग?"
तो म्हणाला, "अर्ज ठेवून जा."
अर्ज ठेवला. पोच मागितली.
पोच द्यायचा शिक्का वरच्या मजल्यावर,
वरचे साहेब दौऱ्यावर.

खाली लिंबाखाली आम्ही भाकरी सोडली.
एका भाकरीवर शाईचा पुसट गोल उमटला होता,
सेवापुस्तकातलाच कुठलातरी.
वहिनींनी तो तुकडा आधी खाल्ला.
मग पदरानं हात पुसत विचारलं,
"रुजू म्हणजे नक्की काय हो, मॅडम?
आमच्याकडं तर बी रुजतं म्हणतात."

मला सांगता आलं असतं.
रोज सांगते की शब्दांचे अर्थ, पोरांना.
पण तीनची पेठ गाडी लागली होती,
आणि उद्या सकाळी मी एकटीच,
चार वर्ग, एक्कावन्न हजेऱ्या,
आणि पाच वाजेपर्यंत कळवायचं आहे
शाळेत मंजूर पदं किती,
भरलेली किती,
रिक्त असल्यास कारण.